पोरांच्या हातात नकाशा

(संघटनेच्या शिक्षक, बालवाडीताई व कार्यकर्ते यांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी झालेलं भाषण. बोलणाऱ्या बाई जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवतात. नोकरीत असल्यामुळे नाव छापलेलं नाही. दोन साथींनी घेतलेल्या टिपणांवरून मजकूर उतरवला आहे.)

साथींनो, बालवाडीच्या तायांनो, आणि मागं दाराशी बसलेल्या आयाबायांनो, पुढं या, जागा आहे.

काल दिवसभर इथं जमिनीवर बोलणं झालं. एकसाली प्लॉट, दंडाच्या पावत्या, पंचनामे, १९७८ चा शासन निर्णय. आज मला सांगितलंय की बाई, तुम्ही शिक्षणावर बोला. मी शिक्षणावरच बोलणार आहे, पण जमीन सोडून नाही. शाळेत जमिनीचा एक विषय आहे, त्याचं नाव भूगोल. तो आपण पाठांतराचा करून टाकलाय. जिल्ह्यातले तालुके सांग. नद्या सांग. भात कुठं पिकतं? पोरगं धडाधडा सांगतं आणि विसरतं. ज्यानं सकाळी स्वतःच्या हातानं आवण उपटलंय त्यालाच आपण दुपारी "भात कुठं पिकतं" हे पुस्तकातून पाठ करायला लावतो.

पुस्तकाचा जुना क्रम असा होता: तिसरीला जिल्हा, चौथीला महाराष्ट्र, पाचवीला भारत. जवळून लांब जायचं. विचार बरोबर आहे. पण मोखाड्याच्या किंवा तलासरीच्या आठ वर्षांच्या पोराला जिल्हा जवळचा आहे का? जिल्ह्याच्या गावाला जायचं तर एस.टी. बदलत दिवस मोडतो. जिल्हा डोळ्यांना दिसत नाही, तो कागदावरची रेघ आहे. पोराला दिसतो तो पाडा, ओहोळ, माळ, शेजारच्या गावची शीव. सुरुवात तिथून व्हायला पाहिजे. दिशांचा आणि नकाशाचा धडा आपण एका तासात उरकतो आणि उरलेलं वर्ष नावं पाठ करून घेतो. माझं म्हणणं उलटं आहे. पहिले चार महिने पाडा सोडून बाहेर जाऊच नका.

पोराला आधीच काय येतं

शेळ्या राखणारं पोर घ्या. कुठल्या ओहोळाला दिवाळीपर्यंत पाणी, कुठल्याला होळीपर्यंत, हे त्याला ठाऊक असतं. पहिल्या पावसाला चिंबोरी कुठल्या दगडाखाली निघतात, नागली कुठल्या उतारावर येते आणि वरई कुठं टाकायची, खाचर कुठलं आधी भरतं, वाघदेवाचा दगड कुठं उभा आहे आणि त्याच्या पलीकडं कोणाचं गाव लागतं, सगळं ठाऊक. उतार, माती, पाणी, पीक, सीमा. पुस्तकात हेच शब्द आहेत. पण शाळेत आल्यावर त्याला विचारलं, "तुला भूगोलातलं काय येतं?" तर ते सांगतं, "काय नाय." त्याला येत नाही असं नाही. आपण जे विचारतो त्यात त्याचं काही नसतं, म्हणून ते तसं सांगतं.

आपल्याच डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढं कोसबाडला. पोरं गुरांमागं जातात, शाळेत येत नाहीत, तर अनुताईंनी शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. भूगोल शिकवायला त्याहून चांगला वर्ग नाही. चार भिंतींत बसून डोंगर शिकवायचा आणि खिडकीतून डोंगर दिसतोय, असं आपलं चाललंय.

भाषेचंही सांगते. पोरगं "उगवत, मावळत" म्हणालं तर "पूर्व, पश्चिम म्हण" असं मध्येच तोडू नका. आधी त्याच्या शब्दात होऊ द्या, मग पुस्तकातला शब्द शेजारी ठेवा. वारलीत उत्तर आलं तर ते उत्तरच आहे.

नकाशा कसा शिकवायचा

आता हाताशी येणाऱ्या गोष्टी. यांना पैसा लागत नाही.

पहिलं, वरून बघणं. नकाशा म्हणजे वरून बघितलेलं चित्र. हे मोठ्यांनाही पटकन कळत नाही. एक काडेपेटी जमिनीवर ठेवा, पोराला उभं राहून वरून बघायला सांगा आणि पाटीवर तिच्याभोवती रेघ मारा. मग तांब्या ठेवा. वरून तांब्या कसा दिसतो? गोल. मग विचारा, घार शाळेवरून उडाली तर तिला शाळा कशी दिसेल? आपल्या पोरांना हे लवकर जमतं. घरात लग्नाचा चौक लिहिताना त्यांनी सवाशिणींना बघितलेलं असतं. त्या चित्रात माणूस बाजूनं दिसतो आणि पुष्कळदा शेत वरून दिसतं, दोन्ही एकाच भिंतीवर. पोराला एवढंच सांगायचं की नकाशात सगळंच घारीच्या डोळ्यांनी काढायचं.

दुसरं, दिशा. अंगणात एक सरळ काठी रोवा. तिच्या सावलीच्या टोकाला दर अर्ध्या तासानं खडा ठेवा. सगळ्यात आखूड सावली पडेल ती वेळ मधली दुपार. आपल्याकडं ती घड्याळाच्या १२ ला येत नाही, साधारण साडेबाराच्या आसपास येते. कारण आपलं घड्याळ साऱ्या देशाला एकच आहे आणि आपण देशाच्या मावळतीच्या बाजूला आहोत. दिवाळीनंतर हे केलं तर ती आखूड सावली बरोबर उत्तरेला पडते. आता गंमत बघा. मे महिन्याच्या वीस-एकवीस तारखेला दुपारी काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. नंतर पुढले दोन महिने सूर्य दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला जाते. शाळेला मेमध्ये सुट्टी असते, पण पोरं गावातच असतात. त्यांना काठी रोवून ठेवायला सांगा. दिशा पाठ केलेलं पोर आणि दिशा शोधून काढलेलं पोर यांच्यात फार फरक पडतो.

तिसरं, नकाशा भिंतीवरून खाली उतरवा. वर्गात नकाशा भिंतीला टांगलेला असतो, त्यामुळं पोरांना वाटतं उत्तर म्हणजे वर, आभाळाकडं, आणि दक्षिण म्हणजे खाली. मग ती विचारतात, "बाई, नदी आडवी कशी वाहते?" प्रश्न बरोबर आहे. आपल्या नद्या मावळतीला जातात. भिंतीवर ती रेघ आडवी दिसते आणि पाणी काही आडवं चालत नाही. नकाशा सारवलेल्या जमिनीवर पसरा, त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडं करा. मग वैतरणा ज्या बाजूला खरी वाहते त्याच बाजूला नकाशात वाहते. हे करायला दोन मिनिटं लागतात.

चौथं, प्रमाण. शाळेपासून विहिरीपर्यंत पावलं मोजायची. दहा पावलांना पाटीवर एक बोट. मग दुसऱ्या पोराला मोजू द्या, आकडा वेगळा येतो. भांडण होतं. भांडू द्या. त्या भांडणातूनच त्यांना कळतं की सगळ्यांना मान्य असं एक माप लागतं.

त्या मापासाठी ३३ फुटांची दोरी करा. ३३ फूटच का, तर आपल्या भागात जमिनीची जुनी मोजणी ३३ फुटांच्या साखळीनं व्हायची. त्या साखळीचे १६ भाग, त्यांना आणे म्हणत. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, म्हणजे एक गुंठा. ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. चौथीच्या पोरांनी दोरी धरून मैदानावर एक गुंठा आखला की त्यांना गुणाकारही येतो आणि गुंठाही दिसतो. घरातल्या मोठ्यांनाही दाखवा. आपल्यातले कितीतरी जण दोन एकर कसतात आणि कागदावर २० गुंठे लागलेत हे मोजणी उरकल्यावर कळतं. दोरीनं कायदा बदलत नाही हे मला माहीत आहे. पण ज्यानं एकदा दोरी धरली तो मोजणीदार आला की लांब उभा राहत नाही, साखळीच्या टोकापाशी जाऊन उभा राहतो.

नकाशा कोणी काढला

पाड्याचा नकाशा पोरांना गटागटानं काढायला द्या, पोरी वेगळ्या, पोरगे वेगळे. मी दरवर्षी करते. पोरांच्या नकाशात रस्ता असतो, दुकान असतं, पोहायचा डोह असतो. पोरींच्या नकाशात पाण्याच्या जागा असतात. विहीर एक, नदीतला खड्डा दुसरा, उन्हाळ्यातला लांबचा झरा तिसरा. सरपणाची वाट असते. पाडा एकच, नकाशे दोन. दोन्ही शेजारी ठेवून विचारा, "खोटा कुठला?" पोरं विचारात पडतात. खोटा कुठलाच नाही. काढणाऱ्याला जे लागतं ते नकाशात येतं, जे लागत नाही ते सुटतं. भूगोलाचं हे सगळ्यात मोठं शिक्षण आहे आणि ते तिसरीच्या पोराला कळतं.

हे कळलं की मग सरकारी नकाशा पुढं ठेवायचा. तलाठ्याकडं गावनकाशा असतो. पुष्कळ जुन्या गावनकाशांचं प्रमाण एका इंचाला ६६० फूट, म्हणजे ३३ फुटांच्या २० साखळ्या असं आहे. नकाशावर ते लिहिलेलं असतं, आधी ते वाचायला शिकवा. त्यात सर्व्हे नंबर असतात. फॉरेस्टचा नकाशा वेगळा. त्यात कंपार्टमेंट नंबर, आणि हद्दीवर बुरूज. आणि आपल्या माणसांच्या तोंडात तिसरंच नाव, बोरीचा माळ नाहीतर वाघदेवाची टेकडी. जमिनीचा तुकडा एकच, नावं तीन.

काल इथं जे रडगाणं झालं त्यातलं निम्मं या तीन नावांचं होतं. नोटीस येते ती कंपार्टमेंट नंबरानं. दावा टाकला जातो सर्व्हे नंबरानं. साक्ष देताना म्हातारा सांगतो "बोरीचा माळ." तिन्ही एकच आहेत हे कोणी जोडून दाखवत नाही, आणि साहेब म्हणतो, मेळ बसत नाही. दंडाची पावती हातात असते, पण ती कुठल्या तुकड्याची हे सांगता येत नाही. मी वकील नाही, दाव्यावर मी बोलणार नाही. पण तीन नावांचा एक तक्ता करून तो पाड्याच्या नकाशाला जोडणं, हे पाचवीच्या पोरांना जमणारं काम आहे. ते भूगोलाचं काम आहे. म्हाताऱ्यांना विचारून माळांची, ओहोळांची, डोहांची जुनी नावं लिहून घ्यायची. ही नावं कुठल्याच सरकारी नकाशात नाहीत. म्हातारी माणसं गेली की ती नावं गेली.

पाण्याचा धडा

जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पुस्तकात हे अभिमानानं लिहायचं. आणि एप्रिलात आपल्या बाया नदीच्या वाळूत खड्डा करून वाटीवाटीनं पाणी भरतात. एवढा पाऊस, तरी पाणी का नाही? हा प्रश्न मी वर्गात फळ्यावर लिहिते आणि आठवडाभर पुसत नाही.

उत्तर पोरांनी शोधायचं. मातीचा डोंगर करा, वरून लोट्यानं पाणी सोडा. एका डोंगरावर नुसती माती, दुसऱ्यावर गवत लावलेलं, तिसऱ्यावर आडवे दगड रचलेले. पाणी कुठं लवकर पळतं, कुठं मुरतं, बघा. आपला दगड काळा, कठीण. त्यात पाणी सहज शिरत नाही, भेग असेल तिथंच मुरतं. उतार मोठा, पाऊस चार महिन्यांत सगळा. पाणी ओहोळातून नदीत, नदीतून खाडीत. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते आणि अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. आपलं पावसाळ्यातलं पाणी त्या वाटेनं जातं.

सगळं काही समुद्रात जात नाही. शहापूर तालुक्यातला तानसा तलाव १८९२ सालापासून मुंबईला पाणी देतो. पुढं वैतरणेवर धरणं झाली, भातसा झालं. तिसरीच्या पोराला आपल्या ओहोळाचं पाणी कुठं कुठं जातं हे बोटानं नकाशावर फिरवू द्या. ओहोळ, नदी, धरण, नळ, मुंबई. मग ते विचारणारच, "बाई, तिकडं जातं तर आपल्याला का नाय?"

इथं शिक्षकाची परीक्षा आहे. घोषणा देऊन मोकळं होता येतं. ते करू नका. आधी भूगोल सांगा. धरण खाली आहे, आपला पाडा वर आहे. तानश्याचं पाणी उताराच्या जोरावर मुंबईकडं जातं. तेच पाणी डोंगरावर चढवायला पंप लागतो, वीज लागते, पैसा लागतो. इथपर्यंत भूगोल झाला. मग विचारा, शहरात माडीवरच्या दहाव्या मजल्यावर पाणी चढतंच ना? मग तो पैसा कोणासाठी खर्च करायचा हे कोण ठरवतं? पोरं गप्प बसतील, घरी जाऊन विचारतील. तेवढं पुरे. उत्तर त्यांच्या तोंडात कोंबायचं नाही.

दिवाळीनंतरचा वर्ग

दिवाळी झाली की माझा अर्धा वर्ग रिकामा होतो. भिवंडी, कल्याण, वसईकडं वीटभट्टीवर आईबापांबरोबर पोरं जातात. हजेरीपटावर आम्ही गैरहजर लिहितो. पावसाच्या तोंडावर ती परत येतात आणि आपण म्हणतो, हे पोर मागं पडलं.

गणितात मागं पडलं असेल. भूगोलात ते पुढं गेलेलं असतं. ते टेम्पोत बसून दोन-तीन तालुके ओलांडून आलंय. खाडी बघितली, रेल्वे बघितली, मोठा पूल बघितला. विटेची माती कुठून येते, भट्टीत कोळसा आणि भाताचा तूस घालतात, वीट ट्रकात भरून कुठं जाते, हे त्याला माहीत आहे. त्याला पुढं बोलवा. गावापासून भट्टीपर्यंतची वाट जमिनीवर खडूनं काढू द्या. वाटेत काय काय लागलं ते बाकीच्यांनी विचारायचं. बंदरपट्टी आणि जंगलपट्टी हा फरक पुस्तकातल्या दहा ओळींपेक्षा तो वर्गाला चांगला समजावतो. सहा महिने भट्टीवर घालवून आलेलं पोर शाळेत खाली मान घालून बसतं. या एका तासाला त्याची मान वर होते. हे मी बघितलंय, म्हणून सांगते. पोरांना भट्टीवर जावं लागू नये ही मागणी सोडायची असं मी म्हणत नाही. पण ती मागणी पुरी होईपर्यंत त्याच्या सहा महिन्यांना कोरं पान समजू नका.

दोन गोष्टी जपायच्या

पहिली. काही कार्यकर्ते साथी मला म्हणाले, बाई, मग शाळेतूनच प्लॉटांचे नकाशे तयार करून द्या, दाव्यांना लागतील. मी नको म्हणते. पोरांनी काढलेला नकाशा शिकण्यासाठी आहे. त्यात चूक होऊ शकते, व्हायलाच पाहिजे, चुकूनच ते शिकणार. दाव्याचा नकाशा मोठ्यांनी काढायचा, त्याच्या खऱ्याखोट्याची जबाबदारी मोठ्यांनी घ्यायची. पोरांना आंदोलनाचे कारकून करू नका. आणि साहेबांनी पोराला उभं करून विचारावं, "हा नकाशा तुला कोणी काढायला सांगितला?", अशी पाळी त्याच्यावर आणू नका. पोरानं पाड्याचा नकाशा काढला की घरातला बाप आपोआप त्याच्या शेजारी बसतो आणि म्हणतो, "आपला प्लॉट इथं नाय, इथं हाये." मोठ्यांचं शिक्षण तिथं सुरू होतं. तेवढी मदत शाळेची धरा.

दुसरी. आपला पाडा शिकवायचा म्हणून पोरांकडून जग काढून घ्यायचं नाही. शिष्यवृत्ती परीक्षेत वाघदेवाचा दगड विचारत नाहीत, देशातल्या नद्या विचारतात. आमची पोरं पाड्यापुरतीच ठेवा असं कोणी म्हणालं तर ते आपल्या भल्याचं नाही. पाडा पक्का झाला की दार उघडायचं. एक गोल भोपळा घ्या, त्यावर रेघा मारा. आपलं डहाणू २० अंश उत्तर अक्षवृत्ताजवळ आहे. ती रेघ उगवतीला ओडिशात जाते. मावळतीला समुद्र ओलांडून अरबस्तानात आणि आफ्रिकेत सहाराच्या वाळवंटात जाते. दुपारचा सूर्य सगळीकडं तेवढाच उंच. मग तिकडं वाळू आणि आपल्याकडं साग, हे कसं? आता पावसाळी वारे शिकवा, आणि ते अडवणारा सह्याद्री शिकवा. जो डोंगर रोज दिसतो तोच आपल्याला पाऊस देतो हे कळल्यावर पोर सहाराही विसरत नाही आणि सह्याद्रीही.

परत गेल्यावर

शिक्षकांनी जूनमध्ये पहिल्या आठवड्यात अंगणात काठी रोवावी आणि भिंतीवरचा नकाशा खाली घ्यावा. बालवाडीच्या तायांनी पोरांना माती, दगड, पाणी यांत खेळू द्यावं, डोंगर-ओहोळ करू द्यावेत. हात चिखलात गेले म्हणून ओरडू नये. आयाबायांनी आणि म्हाताऱ्यांनी जागांची नावं पोरांना सांगावीत, रोज एक सांगितलं तरी चालेल. कार्यकर्त्यांनी गावनकाशाची नक्कल मिळवून शाळेत एक लावावी आणि पाड्यावर एक लावावी, तिथल्या लोकांना बोलता येईल अशा उंचीवर.

एवढं झालं तर पाचवी पास झालेलं पोर सातबाऱ्यावरचा आकडा वाचून स्वतःच्या पायांनी ती जमीन मोजू शकेल. मोजणीच्या दिवशी साहेबानं टेबलावर नकाशा पसरला तर ते उलट्या बाजूला उभं राहणार नाही. उत्तर कुठं आहे ते बघून नकाशा फिरवून घेईल.

मी थांबते. जिंदाबाद.